स्वस्त पाटीचा मागोवा

कोणतीही विद्या नव्याने शिकू लागण्याला मराठीत 'धुळाक्षरे गिरवणे' म्हणतात. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यात बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, तळव्याने पुसायचे आणि पुन्हा काढायचे, अशी ती रीत होती. धूळपाटी गेली, तिच्या जागी लाकडी चौकटीतली दगडी पाटी आली, मग वही आली. शब्द मात्र टिकून राहिला. आज चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेली मुले-मुली संगणकावर चित्र काढू लागतात, तेव्हा त्यांच्यापुढे पुन्हा एक पाटीच येते. तिला आपण ड्रॉइंग टॅब्लेट म्हणतो, आणि टॅब्लेट या शब्दाचा जुना अर्थही लिहायची छोटी फळी असाच आहे. घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशांचा: परवडेल असा कोणता घ्यावा? दुकानातल्या खोक्यावर ८१९२, ५०८०, ६० अंश असे आकडे छापलेले असतात आणि त्यांत घेणारा हरवून जातो. यातला प्रत्येक आकडा कधीकाळी कुणाच्या तरी अडचणीचे उत्तर होता. कोणती अडचण केव्हाच मिटली आणि कोणती अजून शिल्लक आहे, हे कळले तर निवड सोपी होते. त्यासाठी आपण बरेच मागे जाऊ.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत उलुबुरुन येथे समुद्रतळाशी एका जहाजाचे अवशेष सापडले. ते जहाज इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेले. त्यात बिजागरीने जोडलेली लाकडी जोडपाटी होती. अशा पाटीच्या खोलगट भागात मेण भरत आणि त्यावर टोकदार काडीने लिहीत. पुढे रोमन लोकांनी हीच पाटी घरोघर वापरली. त्यांच्या काडीचे नाव स्टिलस. एक टोक अणकुचीदार, दुसरे चपटे. चूक झाली की काडी उलटी धरून मेण सपाट करायचे. आज काही पेनांच्या मागच्या टोकाला खोडरबर असतो, त्याचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा पूर्वज. आपल्याकडे हेच काम धुळीने केले. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती' रचली ती पाटीगणिताच्या परंपरेत; त्या गणिताच्या नावातच पाटी आहे. त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आजही चाळीसगावजवळच्या पाटण येथे पाहायला मिळतो. भारतीय अंक पश्चिमेला गेले तेव्हा धूळपाटीही त्यांच्याबरोबर अरबांकडे गेली. दमास्कसमध्ये ९५२ साली अल-उक्लिदिसी या गणितज्ञाने हिंदी अंकगणितावर ग्रंथ लिहिला आणि धुळीऐवजी शाई-कागदावर आकडेमोड कशी करावी ते दाखवले. पाटीचा गुण आणि दोष एकच होता: तिच्यावरचे सहज पुसता येई, म्हणून ती चुकांना घाबरत नसे, पण पुसले की मागचे पाऊल कायमचे जाई. कागदाचे नेमके उलटे. पुसण्याची मोकळीक आणि टिकण्याची हमी एकाच फळीवर मिळावी, ही गरज इथून पुढे हजार वर्षे तशीच राहिली.

विजेने लिहिण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. तो करणाऱ्याचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोनचा अर्ज पेटंट कचेरीत पोचला, त्याच दिवशी एलिशा ग्रे यांचेही कागद तिथे दाखल झाले. मान बेल यांना मिळाला. ग्रे यांनी पुढे वेगळी वाट धरली आणि १८८८ साली टेलऑटोग्राफ या यंत्राचे पेटंट घेतले. एका ठिकाणी कलम फिरवले की त्याची आडवी-उभी हालचाल विजेच्या संकेतांत बदले आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचे कलम तीच रेघ कागदावर काढी. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र लोकांनी पाहिले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. पुढे बँका, रुग्णालये आणि रेल्वे स्थानके यांनी टेलऑटोग्राफ दीर्घकाळ वापरला. हाताची रेघ आडव्या आणि उभ्या अशा दोन मापांत मोडता येते आणि दूरवर पुन्हा जोडता येते, ही आजच्या प्रत्येक ड्रॉइंग टॅब्लेटच्या पोटातली कल्पना ग्रे यांच्या यंत्रात पूर्ण होती. फक्त ती रेघ लक्षात ठेवणारे कुणी तिथे नव्हते.

लक्षात ठेवणारा आला तो संगणक. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये व्हर्लविंड संगणकाच्या कामातून प्रकाशलेखणी पुढे आली. नाव प्रकाशाचे असले तरी ती उजेड टाकत नसे, पडद्यावरचा उजेड टिपत असे. पडद्यावरचा ठिपका कोणत्या क्षणी तिच्यासमोर उजळला, यावरून संगणक तिची जागा ओळखी. याच संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत टीएक्स-२ या संगणकावर आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली आपल्या पीएच.डी.साठी स्केचपॅड हा कार्यक्रम लिहिला. पडद्यावर रेघ ओढावी, ती सरळ करावी, दोन रेघा समांतर ठेवाव्यात, एकदा काढलेली आकृती हवी तितक्या वेळा उमटवावी, हे सारे तिथे प्रथम दिसले. पुसणे आणि टिकणे अखेर एकत्र आले. पण एक त्रास होता. उभ्या पडद्यावर हात उचलून धरावा लागे, खांदा अवघडे आणि हाताच्या आडून चित्र नीट दिसत नसे. माणसाने हजारो वर्षे पाटी मांडीवर घेऊन लिहिले होते आणि संगणकाने ती भिंतीवर टांगली होती.

पाटी पुन्हा खाली आणली ती कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथल्या रँड कॉर्पोरेशनने. माल्कम डेव्हिस आणि टॉम एलिस यांनी १९६४ साली रँड टॅब्लेट जगापुढे मांडला. दहा इंच लांब, दहा इंच रुंद अशा चौरसाखाली दोन्ही दिशांना तांब्याच्या बारीक रेघांचे जाळे होते, इंचाला शंभर रेघा, म्हणजे दहा लाखांहून अधिक छेदबिंदू. प्रत्येक रेघेतून विजेच्या ठोक्यांची वेगळी ओळ जाई. पेनचे टोक ती टिपून आपण कुठे आहोत ते सांगे. ठोक्यांची भाषा होती ग्रे कोड. हे ग्रे म्हणजे बेल प्रयोगशाळेतले फ्रँक ग्रे. टेलऑटोग्राफवाल्या एलिशांशी त्यांचा संबंध नाही, तरी या कुळकथेत एकच आडनाव दोनदा यावे हा सुंदर योगायोग आहे. डेव्हिस आणि एलिस यांच्या लेखातल्या दोन गोष्टी आज टॅब्लेट घेणाऱ्याने मनात ठेवाव्यात. पहिली अशी की या यंत्राचे वर्णन त्यांनी 'कमी खर्चाचे' असे केले होते. ते विक्रीला आले तेव्हा त्याची किंमत सुमारे १८,००० डॉलर सांगितली जाई, डॉलरला ४.७६ रुपये या तेव्हाच्या दराने पंच्याऐंशी हजार रुपयांच्या वर. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. हात खाली पाटीवर, नजर समोर पडद्यावर, ही फारकत वापरणाऱ्यांच्या काही मिनिटांत अंगवळणी पडते, आणि लिहिण्याचा वेग किंवा सफाई कमी होत नाही, अगदी सहीसुद्धा नीट करता येते, अशी नोंद त्यांनी केली. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे पाहत बसत नाही, तसेच हे. 'पडदा नसलेल्या टॅब्लेटवर जमेल का?' या आजच्या प्रश्नाचे उत्तर १९६४ सालीच मिळाले होते.

पुढची वीस वर्षे ही पाटी दोन टोकांना खेचली गेली. एका टोकाला प्रयोगशाळा आणि दूरदर्शन केंद्रे. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी सुपरपेंट चालू केले. रंगाची पेटी, कुंचल्यांचे आकार, पडद्यावर मिसळणाऱ्या छटा ही आजची सारी मांडणी तिथे दिसते. १९८१ साली इंग्लंडच्या क्वांटेल कंपनीने पेंटबॉक्स आणला. त्याचे पेन हाताचा दाब ओळखे, आणि त्याची किंमत सुमारे अडीच लाख डॉलर होती. डेव्हिड हॉकनी या थोर चित्रकाराने १९८७च्या बीबीसीच्या कार्यक्रमात त्यावर चित्रे काढून दाखवली. दुसऱ्या टोकाला घर आणि शाळा. पेनातून ठिणगी पाडून तिचा आवाज टिपणाऱ्या पाट्या १९७०च्या सुमारास निघाल्या. त्यांच्या सततच्या टकटकीने माणसे कंटाळत. समाग्राफिक्स कंपनीने बिट पॅड बनवला आणि तिच्याच तंत्रावर १९७९ साली ॲपलने ६५० डॉलरची पाटी विकली. १९८४च्या सुमारास शाळांसाठी कोआलापॅड आला. चार इंचांची ही छोटी फळी दोनशे डॉलरच्या आत मिळे आणि बोटानेही चाले. मुलांच्या हाती प्रथम पडली ती हीच. पण तिला दाब कळत नव्हता. हलका हात ठेवा की जोर लावा, रेघ एकाच जाडीची. महागड्या पाटीला हात समजत होता आणि स्वस्त पाटीला फक्त जागा. सामान्य चित्रकाराची खरी कुचंबणा इथे होती.

ती सुटली जपानमध्ये. १९८३ साली सैतामा प्रांतात वाकोम कंपनी स्थापन झाली. नावातला 'वा' म्हणजे जपानीत सुसंवाद, आणि 'कॉम' संगणकाचा. तोवरची बहुतेक पेने तारेने पाटीला बांधलेली होती. वाकोमने १९८४ साली बिनतारी पेनची पाटी काढली, आणि तिची युक्ती आपल्याला सतारीवरून चटकन कळेल. सतारीची मुख्य तार छेडली की खालची तरफेची तार हात न लावता झंकारते, कारण दोघींचा सूर जुळलेला असतो. या पाटीतले तारांचे जाळे विद्युतचुंबकीय लहरी सोडते. पेनात वेटोळे आणि धारित्र यांची जोडी त्याच सुरात लावलेली असते. ती त्या लहरींनी झंकारते आणि परत सूर देते. पाटी क्षणभर गप्प राहून तो ऐकते आणि कोणत्या तारेजवळ तो मोठा आला यावरून पेनची जागा ठरवते. टोक दाबले की सूर किंचित बदलतो, त्यावरून दाब कळतो. पेनला ऊर्जा लहरींतूनच मिळत असल्याने त्यात बॅटरी लागत नाही, म्हणून ते हलके राहते, साध्या पेन्सिलीसारखे. गेल्या चाळीस वर्षांत या तत्त्वाला मागे टाकणारे दुसरे काही या धंद्यात आलेले नाही.

पेन मिळाले, तसे त्याला साजेसे सॉफ्टवेअरही आले. १९९० साली फोटोशॉप आणि १९९१ साली फ्रॅक्टल डिझाइनचे पेंटर बाजारात उतरले. पेंटर तर रंगाच्या डब्यात घालून विकत. त्यात कोळसा, जलरंग, तैलरंग यांचा पोत हाताच्या दाबाप्रमाणे बदले. व्यावसायिकांसाठी १९९८ साली वाकोमची इंट्युओस मालिका निघाली आणि १९९९ साली घरगुती ग्राफायर आली, शंभर डॉलरच्या आसपास. इथून दाबाच्या पायऱ्यांची चढाओढ सुरू झाली. ग्राफायरला ५१२, पहिल्या इंट्युओसला १०२४, २००९च्या इंट्युओस ४ला २०४८, २०१७च्या इंट्युओस प्रोला ८१९२. पहिल्या काही उड्यांनी रेघ खरोखर सुधारली. पण साध्या ८-बिट चित्रात एका रंगवाहिनीला २५६ पायऱ्याच असतात, आणि माणसाच्या मनगटालाही हजारो वेगळे दाब ठरवून देता येत नाहीत. २०४८च्या पुढची वाढ मुख्यतः खोक्यावर दिसते, कागदावर नाही. हीच गोष्ट रेघांच्या दाटीची. रँडच्या पाटीवर इंचाला शंभर रेघा होत्या. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त पाटीवरही २५४० किंवा ५०८० असतात. ही अडचण केव्हाच मिटली आहे.

मग किंमत कशाने उतरली? पेटंटला मुदत असते. ऐंशीच्या दशकातले हक्क नव्या शतकात एकेक करून संपत गेले आणि चीनमधल्या शेनचेन शहराच्या कारखान्यांनी हे काम हाती घेतले. ह्यूऑन २०११ साली उभी राहिली. एक्सपी-पेन, गाओमोन ही नावेही पुढे आली. त्यांच्या सुरुवातीच्या पेनांत बॅटरी असे, पेन जड वाटे, चार्ज करायला विसरले की काम थांबे. काही वर्षांतच त्यांनीही विनाबॅटरी पेन आणले आणि वाकोमलाही स्वस्त पाट्या काढाव्या लागल्या. याच काळात चित्रकारांना क्रिता हे मुक्त सॉफ्टवेअर मिळाले. १९९९च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकल्प आज पूर्ण चित्रशाळा आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. अडीच लाख डॉलरच्या पेंटबॉक्समध्ये जे होते त्याहून कितीतरी अधिक आज एका साध्या लॅपटॉपला पाटी जोडून मिळते, आणि ती पाटी भारतात चार-पाच हजार रुपयांच्या आसपास येते.

आता आपण दुकानाशी पोचलो आहोत, आणि मागची वाट हातात धरूनच निवड करू. पेन विनाबॅटरी हवे, ही पहिली अट. केव्हाच मिटलेली अडचण पुन्हा विकत घेऊ नये. दाबाच्या पायऱ्या २०४८ असोत की ८१९२, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा पेन अगदी हलके टेकवून बघावे: रेघ किती लवकर उमटते, ती हळूहळू जाड होते की एकदम, हे हाताला कळते आणि खोक्यावर छापलेले नसते. संथ तिरकी रेघ ओढावी. ती थरथरली तर कितीही आकडे व्यर्थ. कलण्याचा अंश ओळखणारे पेन सुलेखन आणि छायांकन करणाऱ्याला उपयोगी पडते. बोरूचा काप तिरका असतो तो काही उगाच नाही. कलम कोणत्या कोनात धरले यावर अक्षराची जाडी ठरते. ज्याला साधी रेखाचित्रे किंवा कॉमिक काढायची आहेत त्याने यासाठी थांबू नये.

आकार मात्र नीट पाहावा. सहा इंची छोटी पाटी मनगटाने काढणाऱ्याला पुरते आणि दप्तरात मावते. कोपरापासून हात फिरवणाऱ्याला साडेआठ ते दहा इंचांची मध्यम पाटी बरी. बजेट बसत असेल तर मध्यम घ्यावी. रँडची पाटी चौरस होती; आजचे पडदे आडवे, १६:९ प्रमाणाचे असतात. पाटीचे प्रमाण पडद्याशी जुळले नाही तर वर्तुळ लंबगोल निघते, म्हणून सेटिंगमध्ये प्रमाण जुळवून घ्यावे आणि पहिल्या दिवशी वर्तुळ काढून तपासावे. घेण्याआधी आपल्या संगणकाच्या प्रणालीसाठी कंपनीचा ड्रायव्हर आजही मिळतो का ते बघावे. जुन्या, वापरलेल्या पाटीच्या बाबतीत तर हे सर्वांत आधी. संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनला जोडता येणाऱ्या पाट्या आहेत, पण फोन उभा धरल्यावर बऱ्याच मॉडेलांत पाटीचा थोडाच भाग चालतो, हे ध्यानात ठेवावे. पेनची टोके झिजतात. ती वेगळी आणि स्वस्त मिळतात ना, तेही विचारावे.

राहिला पडद्याच्या पाटीचा मोह. रेघ जिथे टेकली तिथेच उमटते, हे सुख खरे आहे, आणि रोजीरोटी त्यावर असेल तर तो खर्च योग्यही आहे. पण ती बसते वीस हजारांच्या मागेपुढे, तिला वेगळी जागा लागते, आणि मान वाकवून बसावे लागते. शिकणाऱ्याची प्रगती तिच्यावाचून अडत नाही. डेव्हिस आणि एलिस यांनी जी फारकत काही मिनिटांत सवयीची होते असे लिहिले, तिच्यावरच नव्वदच्या दशकापासून चित्रकारांची एक अख्खी पिढी वाढली.

म्हणून माझा निवाडा सरळ आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पडदा नसलेली, मध्यम आकाराची, विनाबॅटरी पेनची पाटी घ्यावी, क्रिता उतरवून घ्यावे आणि उरलेले पैसे कागद-पेन्सिलीसाठी ठेवावेत. पहिला आठवडा चित्र काढू नये. फक्त आडव्या, उभ्या, तिरक्या रेघा आणि वर्तुळे काढावीत, पुसावीत, पुन्हा काढावीत. पाटी कितीही नवी असली तरी धुळाक्षरे गिरवावीच लागतात.